कॉलची कमाई आणि मस्टरची नोकरी

परिचर्येचे शिक्षण संपवून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा दाखला पदरी पडल्यावर, दरमहा पगाराची नोकरी धरावी की ‘कॉल’वर काम करावे, हा पेच गोंदियातील अनेक तरुणींसमोर उभा राहतो. लहान प्रसूतिगृहांना अनुभवी थिएटर सिस्टर बाराही महिने पगारावर ठेवणे झेपत नाही. म्हणून शस्त्रक्रिया ठरली की फोन करावा आणि काम आटोपताच केसमागे मुक्रर रक्कम हाती ठेवावी, अशी वहिवाट पडून गेली आहे.

रात्री दोनला सिझेरियनचा कॉल आला, तर तिने तत्काळ पोहोचून, हात धुऊन, ट्रॉली मांडून उभे राहावयाचे असते. आणि पोट शिवण्यापूर्वी मॉप व हत्यारे मोजून ‘काउंट बरोबर’ असे तिने म्हणावे, तेव्हाच सर्जन पुढचा टाका घालतो. या जोखमीच्या तासाचे मोल तिला मिळते, आणि ते रोखीने मिळते, हे खरे. परंतु संध्याकाळपासून उशाशी फोन ठेवून, गाव न सोडता, लग्नकार्य टाळून तिने जी वाट पाहिली, आणि कित्येकदा व्यर्थच पाहिली, तिचा हिशेब कोणत्याही वहीत चढत नाही. शिवाय हे काम शहरात राहणारीलाच साधते. जिल्ह्यातील देवरीला रेल्वेच नाही. तिकडच्या मुलीने अपरात्री गोंदिया गाठावे तरी कसे?

पूर्णवेळ नोकरीचा खरा आधार पगाराहून मस्टरवरील सहीत अधिक आहे. प्रसूतीची 26 आठवड्यांची भरपगारी रजा मागावयाची, तर आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. चार दवाखान्यांत विखुरलेल्या कॉलचे दिवस एकत्र करून दाखविणार कोणाला? तथापि ‘पूर्णवेळ’ या शब्दानेही हुरळून जाऊ नये. भविष्यनिर्वाह निधीचे बंधन सर्वसाधारणपणे 20 आणि कर्मचारी राज्य विम्याचे 10 नोकर असलेल्या आस्थापनेवर येते, विम्याला 21,000 रुपये वेतनाची मर्यादाही आहे. त्यामुळे पाच-सहा माणसांच्या प्रसूतिगृहातील कायम म्हणविणारी सिस्टर या दोन्हींवाचून राहू शकते.

सरकारी चाकरीतही प्रत भिन्न आहे. 2016 साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय, त्याच्याशी निगडित कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही येथील मोठी ठिकाणे. कायम अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 35,400 रुपयांपासून सुरू होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींत त्याच कामाचे मानधन 20,000 रुपयांच्या आसपास दिसते, आणि हुकूम 11 महिन्यांचा. कायम करण्याच्या मागणीसाठी या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यभर संप केला. 10 वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा काम बंद ठेवावे लागले. यावरून निर्णय आणि नेमणूक यांतील अंतर वाचकांनी ताडावे.

माझे मत असे की, नवशिक्या मुलीने पहिली काही वर्षे मोठ्या रुग्णालयातच काढावीत, मग ती कंत्राटी का असेनात. वॉर्डातील गर्दीत आणि वरिष्ठ सिस्टरच्या धाकात हात जसा बसतो, तसा तुटक केसवर बसत नाही, आणि अनुभवाचा दाखलाही मिळतो. हात बसल्यावर, घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील, आणि घरात दुसऱ्या कोणाची बांधील मिळकत असेल, तर कॉलचे काम सन्मानाने पत्करावे. मात्र केसचा दर, रात्री आणण्या-पोचविण्याची तजवीज आणि ऐन वेळी शस्त्रक्रिया रद्द झाल्यास काय मिळणार, हे आधी कागदावर उतरवून घ्यावे, पैसे शक्यतो बँकेत जमा करून घ्यावेत, आणि प्रत्येक केसची तारीख व ठिकाण आपल्या वहीत टिपून ठेवावे. दवाखाने चालविणाऱ्या डॉक्टरांना विनंती एकच: ज्या रात्री सिस्टरला ‘गाव सोडू नका’ असे सांगता, त्या रात्रीचा भत्ता, कॉल येवो वा न येवो, तिला द्या.