कलपाचा रंग कोठे तयार होतो?

घरी कोणी केसांना कलप लावत असेल तर नीट पाहा. नळीतील मलई पांढरट असते. दुसऱ्या बाटलीतील द्रवाशी कालवल्यावर ती हळूहळू काळवंडते. मग काळा रंग आला कोठून?

मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होईनासे झाले की केस पांढरा उगवतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले असतात. बहुतेक कलपांतील अमोनिया हे खवले सैल करतो. फटींतून पॅरा-फेनिलिनडायअमाइनचे लहान, जवळजवळ रंगहीन रेणू आत शिरतात. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. ते परस्परांस व जोडीच्या रसायनांस जोडले जाऊन मोठे, गडद रेणू बनतात. आता त्यांना बाहेर पडता येत नाही! यासाठीच अर्धा तास थांबावे लागते. मुळाशी मात्र महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर पांढरा केस वाढतच असतो.

मेंदीचे तसे नाही. तिच्यातील लॉसोन केसातील केराटिनला चिकटून नारिंगी-तांबडा रंग देते, काळा नव्हे. तेव्हा ‘काळी मेंदी’च्या पुडीवरील घटकांची यादी वाचा, तीत बहुधा हेच डायअमाइन आढळेल. काहींना त्याची ॲलर्जी होते: खाज, पुरळ, कधी डोळ्यांपर्यंत सूज. वर्षानुवर्षे मानवलेला कलपही एखाद्या वेळी बाधतो. म्हणून दर वेळी थोडा कलप कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. पोटात गेल्यास तर हे जिवावर बेतणारे विष आहे; पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.