तरुण एल्कला घातलेली साद

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या उतारांवर, कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या राज्यांतील अरण्यांत, एल्क नावाच्या महाकाय हरणांचा माजाचा काळ सुरू होतो. आणि ३०० किलोंच्या घरात वजन असलेला, प्रत्येक शिंगाला सहा-सहा टोके फुटलेला प्रौढ नर पहाटे मान उंचावून जी आरोळी देतो, ती प्रथमच ऐकणाऱ्याला एवढ्या थोरल्या देहातून इतका तीक्ष्ण, शीळवजा स्वर निघावा याचेच नवल वाटते. खर्जात आरंभ होऊन तो ध्वनी चढत जातो, काही क्षण तारसप्तकात स्थिरावतो आणि अखेरीस आखूड हुंकारांच्या मालिकेत विरतो. माद्यांना आपल्या अस्तित्वाची वर्दी आणि प्रतिस्पर्ध्यांना जरब, असे दुहेरी कार्य ती आरोळी करते.

शिकाऱ्याने हीच आरोळी नळीतून काढावी आणि नराने द्वंद्वासाठी धावून यावे, अशी साद घालून शिकार करण्याच्या या विद्येविषयीची सर्वसाधारण कल्पना आहे, व वयस्क नराच्या बाबतीत तीत तथ्यही आहे. परंतु पुष्कळदा शिकाऱ्यासमोर येतो तो तरुण नर: सव्वा वर्षाचा, ज्याच्या सुळक्यासारख्या शिंगांना अद्याप फाटा फुटलेला नाही, किंवा दोन-तीन वर्षांचा, ज्याची चार-पाच टोकांची शिंगे अजून बारीक आणि बेताची आहेत. कळपावर थोरल्या नराची हुकमत असते. हा तरुण त्या हद्दीच्या कडेकडेने घुटमळत राहतो, माद्यांच्या ओढीने जवळ येतो आणि थोरल्याने शिंगे रोखताच मागे हटतो. म्हणूनच प्रौढ नराची गर्जना शिकाऱ्याने जितकी हुबेहूब काढावी तितका हा तरुण दूर जाण्याचा संभव अधिक. माझ्या मते या विद्येचे मर्म येथेच आहे. आव्हानाने तो पळतो. सोबतीच्या आशेने येतो.

ती सोबत मादीच्या आवाजात असते. एल्क मादीची हाक आखूड, वरच्या स्वरावरून खाली घसरणारी आणि किंचित अनुनासिक असते. पाडसाची त्याहून बारीक. ती काढण्याचे साधन अगदी लहान आहे: घोड्याच्या नालेच्या आकाराची चौकट आणि तीवर ताणलेला रबराचा पातळ पापुद्रा. चौकट टाळूला चिकटवून पापुद्र्यावर जीभ हलकेच टेकवावयाची आणि पोटातून श्वास सोडावयाचा. जिभेचा दाब वाढला की स्वर चढतो, जबडा सैल सोडला की उतरतो. नवशिक्याला प्रारंभी उमासे येतात, तरीही धनुर्धारी हेच साधन पसंत करतात, कारण त्यांचे दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहतात.

अशा दोन-तीन हाका दिल्यावर खरी कसोटी सुरू होते, आणि ती गप्प बसण्याची असते. थोरल्याच्या कानी पडू नये म्हणून तरुण नर बहुधा उत्तर न देताच येतो. उतावीळ शिकारी पुनःपुन्हा हाका घालून त्याच्या मनात संशय आणतो, नाहीतर कंटाळून उठतो आणि झाडीपलीकडे पोहोचलेला नर त्याच्या हालचालीने उधळतो. मधूनमधून वाळकी काटकी मोडणे वा पालापाचोळा तुडवणे, म्हणजे चरत्या कळपाचा भास निर्माण करणे, हे पाचव्या-सहाव्या हाकेपेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. आपल्याकडील फासेपारधी तित्तराचा आवाज काढून त्याला फाशाकडे आणीत. त्या कौशल्याची भिस्तही अशीच स्वभावज्ञानावर असे.

वारा मात्र कोणतीही कला जुमानत नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढले की वर चढू लागते, सायंकाळी पुन्हा खाली येते. आणि एल्क हाकेच्या दिशेने येताना वळसा घालून वाऱ्याखालून वास घेण्याचा प्रयत्न करतो. यास्तव जोडीने शिकार करताना हाक घालणारा धनुर्धाऱ्याच्या मागे पन्नास-साठ पावलांवर बसतो, जेणेकरून आवाजाच्या उगमावर नजर खिळलेला नर धनुर्धाऱ्याच्या बाजूने जावा.

येथे कायद्याची नजरही तितकीच सक्त आहे. कोलोरॅडोच्या बहुतेक विभागांत एका शिंगाला निदान चार टोके अथवा कपाळाजवळचा निदान ५ इंचांचा फाटा, यांपैकी काहीच नसलेल्या नरास मारण्याची मनाई आहे. उलट यूटामधील काही विभागांत सर्वसाधारण परवान्यावर केवळ सुळक्या शिंगांचा तरुण नरच मारण्याची मुभा आहे, म्हणजे थोरले नर वंशवृद्धीसाठी शिल्लक राहतात. ही शिस्त मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार हत्येने या हरणांची संख्या उत्तर अमेरिकेत एक लाखाच्याही खाली गेली होती, आणि १९१२ साली वायोमिंगमधील जॅक्सन येथे त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र स्थापण्याची पाळी शासनावर आली. शिंगे तेवढी घेऊन मांस रानात टाकून जाणे कोलोरॅडोत गुन्हा आहे. आणि तरुण नराचे मांस कोवळे असल्यामुळे, भिंतीवर शिंगे मिरवण्यापेक्षा हिवाळ्याची बेगमी करू इच्छिणारी तिथली अनेक कुटुंबे त्याच्याच शोधात डोंगर चढतात.