बडीशेपेच्या वाटीतलं गणित

वडोदऱ्यात एखाद्या हॉटेलात थाळी हाणून झाली, की बिल एकटं येत नाही. काळ्या रेक्झिनच्या पुस्तकात घडी घातलेलं बिल आणि शेजारी वाटीत बडीशेप नि खडीसाखर. बाबा मोबाइल काढून क्यूआर कोड स्कॅन करतात, पैसे जातात. मग खिसे चाचपून पन्नासची एक नोट काढतात आणि हळूच त्या पुस्तकात सरकवतात.

थांबा, थांबा! बिल भरून झालं. बासुंदी पोटात गेली. वाढणाऱ्या काकांनी एक रुपयाही मागितलेला नाही. मग ही नोट कशाची? विचारून बघा. ‘अरे, टिप असते ती,’ म्हणत बाबा गाडीची किल्ली शोधायला लागतील.

त्यांना दोष देऊ नका. या प्रश्नाने भल्याभल्या अर्थशास्त्रज्ञांना घाम फोडलाय. मंगळबाजारात दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारी आई इथे न मागता पन्नास देऊन मोकळी होते. तेही काम झाल्यावर, आणि परगावच्या हॉटेलात, जिथे पुन्हा कधी पाय ठेवायचा नाही तिथेसुद्धा! टिप कुणाला द्यायची, याचे नियम तर आणखी गमतीचे. वाढणाऱ्याला टिप, पण आत भट्टीपुढे घामाघूम झालेल्या आचाऱ्याला नाही. केस कापणाऱ्याला कधीमधी, बसच्या कंडक्टरला कधीच नाही. सेवउसळच्या लारीवर सगळा उलटाच कारभार. तिथे टिप राहिली बाजूला, आपणच ‘भाई, थोडी तरी नाखजो ने’ करत फुकटची तरी वाढून घेतो. लारीवाला स्वतःच मालक, त्याचा नफा भावातच धरलेला, म्हणून असेल.

आता त्या बडीशेपेकडे वळू. अमेरिकेत २००२ साली एक भारी प्रयोग छापून आला. तिथे बडीशेप कुठली, त्यांनी चॉकलेटं वापरली. काही टेबलांवर नुसतंच बिल दिलं. काहींना बिलासोबत माणशी एक चॉकलेट, काहींना दोन. आणि काही टेबलांवर वाढणारीने एकेक चॉकलेट दिलं, निघाली, मग काहीतरी आठवल्यासारखं करून मागे वळली आणि आणखी एकेक देऊन गेली. नुसत्या बिलावर टिप पडली सुमारे १९ टक्के. मागे वळून दिलेल्या चॉकलेटांवर सुमारे २३ टक्के! दोन एकदम दिली, तेव्हा मात्र याहून कमी. चॉकलेटं तेवढीच, पण ‘ही खास आपल्यासाठी मागे आली’ असं वाटलं, की हात सैल सुटतो. शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर पाठवली, की आई ती वाटी रिकामी परत पाठवत नाही ना? तसंच हे.

दुसरी युक्ती बटणांची. न्यूयॉर्कच्या टॅक्सीत पैसे भरायच्या पडद्यावर टिपचे तयार आकडे असतात. हे आकडे मोठे ठेवले, तर लोक टिपही जास्त देतात, असं तिथल्या नोंदी तपासल्यावर दिसलं. आपल्याकडे जेवण मागवायच्या अ‍ॅपवरही २०, ३०, ५० अशी बटणं दिसतात. घरोघरी काय होतं? ‘मधलं दाबून टाक!’

चांगलं वाढलं की जास्त टिप, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांनी बऱ्याच पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर दोघांमधला संबंध अगदीच बारीक निघाला. म्हणजे पेपर न तपासताच मार्क! आपल्या सयाजीराव महाराजांना हे मुळीच खपलं नसतं. बडोदे संस्थानात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची जुनी रीत होती. महाराजांनी तिला अट घातली: आधी परीक्षा द्या, पास व्हा, मग दक्षिणा घ्या.

वडोदऱ्यातली माझी सगळ्यांत आवडती देवघेव मात्र परीक्षेतही बसत नाही आणि टक्क्यांतही. दिवाळीत पाडव्याला, म्हणजे गुजराती नव्या वर्षाच्या पहाटे, ‘सबरस, सबरस!’ अशी आरोळी येते. दारात उभं असतं कुणीतरी मीठ घेऊन. त्या मिठाला भाव नाही. शकुनाचं म्हणून जो तो मनाला येईल ते देतो आणि घासाघीस कुणी म्हणजे कुणी करत नाही. मग दिवसभर वॉचमनकाका, पेपरवाले, कामाच्या मावशी. आपण म्हणायचं दिवाळीची पोस्त, शेजारचे पटेलकाका म्हणणार बोणी.

जगात तर याहून टोकाचे प्रकार आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिपवर काम करणाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेला पगार गिऱ्हाइकांच्या टिपमधून निघायचा, म्हणून तिथे टिप चुकवणं फार वाईट दिसतं. उलट जपानमध्ये टेबलावर नोट ठेवून निघालात, तर ‘पैसे विसरलात’ म्हणत वेटर मागे धावत येईल!

मग आपण किती द्यायची? टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात साधारण पाच ते दहा टक्के. बिल ६४० रुपये झालं, तर शेवटचं शून्य बोटाने झाका. उरले ६४, हे दहा टक्के. त्याचे निम्मे ३२, हे पाच टक्के. मधली सोयीची नोट निवडा. पण त्याआधी बिल वाचा. जीएसटी सरकारचा, तो द्यायलाच हवा. ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला, तर हॉटेलने टिप आपणहून लावून घेतली असं समजा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं, की असं परस्पर लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. तेव्हा ‘हे काढा’ असं खुशाल सांगता येतं. हे काम तुमच्यापैकीच कुणीतरी करावं, असं माझं मत आहे. मोठी माणसं लाजतात.