स्कूबा डायव्हिंग करताना कॅमेरा बांधा, पण असा!

■ जागा : बीसीडी जॅकेटच्या (पाण्यात तरंगणे नियंत्रित करणाऱ्या जॅकेटच्या) छातीवरची डी-रिंग. गळ्यात पट्टा नको. तो श्वास घेण्याच्या रेग्युलेटरच्या नळीत अडकू शकतो.

■ दोरी : ताणली की लांबणारी, वेटोळ्यांची. एरवी कॅमेरा अंगालगत, फोटो काढताना हातभर पुढे.

■ हूक : बोल्ट स्नॅप. कॅमेऱ्याला तो दोरीच्या फासाने बांधा. कुठे अडकलात, तर फास सुरीने कापता येतो. धातूची कडी कापता येत नाही.

■ उडी : कॅमेरा हातात धरून मारू नका. आधी पाण्यात उतरा, मग बोटीवरच्या माणसाकडून मागून घ्या.

■ प्रवाळ : लोंबता कॅमेरा प्रवाळावर आपटतो. भारतात अनेक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे.