कोयना: युनिटांहून वेळ मोलाची

१९५४ साली कोयना जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघाली, तेव्हा प्रश्न साधा होता: जास्तीत जास्त युनिटे कशी मिळतील? पूर्वेला कृष्णेकडे जाणारे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे, असा तो बेत. पण पुढे औष्णिक केंद्रे वाढली आणि कोयनेची भूमिका बदलली. कोळशाचा संच थंड पडला की पुन्हा पेटवायला तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत जोर धरतो. कोयनेचा चौथा टप्पा याचा पुरावाच आहे. १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता तळातला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून (लेक टॅपिंग) पाणी बोगद्यात घेतले आणि आधीच्या ९२० मेगावॅटवर एकदम १००० मेगावॅट वाढले. पश्चिमेला वळवायच्या पाण्याचा कोटा मात्र कृष्णा लवादाने ठरवलेला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) इतकाच राहिला. म्हणजे खर्च केला तो जास्त विजेसाठी नव्हे, हवी तेव्हा मिळणाऱ्या विजेसाठी.

सांगलीकडचा दुष्काळी शेतकरी विचारतो, हे पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीतून समुद्राला का? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. पूर्वेकडे सोडलेले पाणी धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॅटचेच वीजगृह फिरवते, आणि पुढे टेंभू, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांना ते उपसायला वीजच लागते. तरी त्याच्या बाजूने एक मुद्दा उरतो. दुपारी सौरऊर्जा मिळत असताना पोफळीचे संच चालवणे ही आता उधळपट्टी आहे. कोटा संध्याकाळपुरता राखावा आणि टंचाईच्या साली वाचेल ते पूर्वेला द्यावे. वीज काढून झाल्यावर सुटणाऱ्या पाण्यातही (अवजल) कोकणचा वाटा तुटपुंजाच, बाकीचे दाभोळच्या खाडीत जाते. ते वापरण्याची योजना फायलींबाहेर यायला हवी.

ही वेळेची किंमत कोणी मोजली, हे मात्र ताळेबंदात येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली त्यांचे वारस पर्यायी जमिनीसाठी २०१८ मध्येही कोयनानगरला आंदोलनाला बसले होते. संध्याकाळच्या महाग विजेच्या कमाईतून राज्याने आधी ही थकबाकी फेडावी.