लांबून गेलं, तरी लवकर पोचलं!

बालमित्रांनो, गणिताच्या तासाला आपण काय शिकतो? अंतराला वेगानं भागलं की वेळ निघते. अंतर जास्त, तर वेळही जास्त. मग हे कोडं सोडवा पाहू! दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान १३,९०० किलोमीटरच्या वाटेनं जायचं. एके दिवशी ते १५,३०० किलोमीटरच्या वाटेनं गेलं आणि चक्क दोनेक तास आधी पोचलं!

छपाईची चूक नाही बरं का. १६ ऑक्टोबर २०१६ ची ही गोष्ट. विमान होतं एअर इंडियाचं बोइंग ७७७.

आता पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो सायबेरियावरून थेट आर्क्टिक समुद्रावर जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे सगळ्यांत जवळचं अंतर, सुमारे १२,४०० किलोमीटर. पण विमानाला दोरा धरून जाता येतंच असं नाही. कुठल्या देशाच्या आकाशातून जायची परवानगी आहे, अडचण आली तर उतरायला विमानतळ कुठे आहे, हे सगळं बघावं लागतं.

पृथ्वी गोल, म्हणून अमेरिकेला दोन्ही बाजूंनी जाता येतं. हे विमान आधी पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जायचं. त्या दिवशी ते पूर्वेला, पॅसिफिकवरून गेलं. आणि तिथे त्याला पाठीवर घेतलं वाऱ्यानं!

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची जणू नदीच वाहते. तिला 'जेट प्रवाह' म्हणतात. तिचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. पण त्यांनी अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत! ती वाचणारे किती? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांना जपानवर हा वारा लागला, तेव्हा ते चकित झाले.

सायकलवर समोरून वारा आला की पायडल किती जड होतं, ठाऊक आहे ना? तसंच हे. आता भागाकार करा. १५,३०० किलोमीटर सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे ताशी जवळजवळ १,०५५. अटलांटिकच्या वाटेला साडेसोळा तास धरले, तर ताशी ८४२ च्या आसपास. विमान तेच, इंजिनंही तीच!

तुमच्यातला एखादा म्हणेल, "मग विमानानं एका जागी थांबावं, पृथ्वी फिरते आहेच, अमेरिका आपोआप खाली येईल." छान कल्पना, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना! नाहीतर अंगणात उडी मारल्यावर तुम्ही शेजाऱ्यांच्या घरात पडला असता.

आणखी एक गंमत. विमान १६ तारखेच्या पहाटे दिल्लीहून निघालं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून ते १५ तारखेत शिरलं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, तेव्हा तिथे १६ तारखेची सकाळच होती! परतताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच यायचं. जाऊन-येऊन झाली की नाही पृथ्वीप्रदक्षिणा?