खासगी मातीचा बांध व त्याचा सांडवा

समुद्र व मालाडची खाडी यांच्यामध्यें असलेल्या मढच्या भूभागांत पावसाळ्यांत पाणी उदंड. परंतु तें पाहतां पाहतां खाऱ्या पाण्यास जाऊन मिळतें. सबब टेकडीच्या पायथ्याशीं, भरतीच्या रेषेच्या वर, मातीचा लहान बांध घालावा असें जमीनधारकाच्या मनांत येणें साहजिक आहे. मातीचा बांध कच्चाच असतो असा मात्र समज नको. याच साष्टी बेटांतील विहार तलावाचे बांध मातीचे असून तो तलाव सन १८६० त पुरा झाला.

अशा बांधास शत्रू दोन: माथ्यावरून जाणारें पाणी व पोटांतून जाणारें पाणी. पहिल्याचा बंदोबस्त सांडवा करतो, आणि खर्च वांचविण्यासाठीं आपले लोक नेमका तोच अरुंद ठेवतात. हिशेब करून पहावा. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३७ इंच पाऊस झाला. १० एकरांच्या पाणलोटावर तो पडल्यास सुमारें ३१ एकर-फूट पाणी होतें. एक एकर विस्ताराच्या व सरासरी ६ फूट खोल तळ्यांत मावतें ६ एकर-फूट. भिजून चिंब झालेल्या जमिनींत त्यांतील थोडेंच मुरतें. बाकीच्यास सांडव्यानें वाट न दिल्यास तें माथ्यावरून जातें, आणि मातीचा माथा एकदां कापला जाऊं लागला कीं खिंडार पडण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून सांडवा भरावांत न काढतां बाजूच्या मुरमांत अगर खडकांत काढावा, व भर पुरांतही पाणी माथ्याच्या निदान ३ फूट खालीं राहील इतका तो रुंद करावा. मासे अडविण्यासाठीं सांडव्यावर जाळी लावण्याची खोड कित्येकांस असते. जाळींत पालापाचोळा अडकतो व सांडवा असून नसल्यासारखा होतो.

दुसरा शत्रू छुपा आहे. पानशेतचें धरण ता. १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें. मोरीचें काम अपुरें असतांच पाणी चढलें, मोरीवरील भराव खचला, माथा खालीं आला व पाणी वरून गेलें. तेव्हां लहान बांधांतही मोरीचा नळ मूळ घट्ट जमिनींत बसवून त्याच्या भोंवतालची माती विशेष चोपावी. चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटून माणसें वाहून गेलीं. गळतीची तक्रार ग्रामस्थांनीं आधींच केली होती. मागाहून दोष खेकड्यांवर ठेवण्यांत आला. खेकडे व घुशी बिळें करतात हें खरें. परंतु बीळ वेळेवर दिसावें म्हणून गवत आखूड राखणें व बांधावर झाड वाढूं न देणें हें खेकड्यांचें काम नव्हे.

बांधाच्या खालच्या अंगास ओल दिसल्यास पाणी पेल्यांत घेऊन पहावें. स्वच्छ पाण्यावर नजर ठेवावी. गढूळ असेल तर पोटांतील माती वाहूं लागली आहे. अशा वेळीं बाहेरून चिखल थापून तोंड बुजवूं नये. पाणी दुसरीकडे फुटतें. प्रथम जाड वाळू, तीवर बारीक खडी, तीवर मोठे दगड असा थर घालावा, म्हणजे पाणी निघतें व माती राहते. लागलीच मोरी उघडून तळें उतरवावें, आणि खालच्या अंगास घरें असतील तर तेथील लोकांस रात्र पडण्यापूर्वीं हलवावें.